टाकीखालचा विषमुक्त बाजार

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७

एका वांग्यात किती अळ्या असल्या म्हणजे ते विषमुक्त, आणि कितीपासून पुढे ते नुसतं किडकं? आज गोंदियात एका काकांनी मला हे सगळ्यांसमोर विचारलं. मला उत्तर आलं नाही. आता घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा पिऊनही येत नाही. ट्रेनिंगमध्ये हा भाग नव्हता. तिथल्या तिथे सुचलं ते बोलले: काका, अळी जगली याचाच अर्थ वांगं सुरक्षित आहे. काका म्हणाले, "तो फिर उसी को खिलाओ," आणि वांगं ठेवून गेले.

एवढं सोडलं तर आमचा पहिला विषमुक्त बाजार यशस्वी झाला. आठ शेतकरी यायचे ठरले होते, पाच आले. पाच कमी नाहीत. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली सावली छान आहे. फलक जरा वाकडा लागला, पण अक्षरं रस्त्यावरून दिसतात: "आपलं शेत, आपलं ताट. रासायनिक खत नाही, फवारणी नाही, मध्ये कोणी नाही." ग्राहक बेचाळीस. त्यातल्या दोघी दाताचा दवाखाना कुठे ते विचारायला आल्या होत्या, पण त्यांनीही फलक वाचला.

सगळ्यांत आधी शामकलामावशीचं टोपलं रिकामं झालं. तिने सात्या आणल्या होत्या, वारुळापाशी उगवतात त्या अळिंब्या. वीस मिनिटांत संपल्या. आमची वांगी, भेंडी, चवळी दुपारपर्यंत तशीच. लोक अजून नवलाईकडे धावतात. जबाबदार ग्राहक तयार व्हायला वेळ लागतो. मी दोन महिने धरले आहेत.

४ ऑगस्ट, सोमवार

संकल्प. दिवाळीपर्यंत पाचाचे चाळीस शेतकरी करायचे. दर रविवारी निदान एका माणसाचं खाणं कायमचं बदलायचं. रोज पहाटे पाचला उठून वाडीत एक तास. (आज सातला उठले. काल प्रवास झाला होता.)

बाबा अजून मोकळं बोलत नाहीत. आमच्या समाजात धान विकतात. भाजी विकायला कोणी रस्त्यावर बसत नाही. त्यांनी घरामागची अर्ध्या एकराची वाडी मला बिनखताची करायला दिली हे खरं, पण आज पाहुणे आले तेव्हा म्हणाले, "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे तिचा." कॉलेज संपून दीड वर्ष झालं. आई म्हणाली, "सांगू दे ना वो. त्याईले वेळ लागंल." लागणारच. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी आहे, त्यांनाही सवय नाही.

शामकलामावशीबद्दल लिहून ठेवते, पुढे अहवालात लागेल. आमच्या गावाबाहेरच्या टोल्यावर, छोट्या वस्तीत, राहते. शेत नाही. जंगलातून आणते ते, आणि गावात कोणाच्या परसात जास्तीचं झालं ते, टोपल्यात भरून सालेकशाहून पॅसेंजरने गोंदियाला नेते. रविवारी आणि बुधवारी. वीस वर्षं झाली. टाकीखालची जागा खरं तर तिचीच. आम्ही जागा शोधत वणवण फिरत होतो तेव्हा तीच म्हणाली, "माह्याजवळ बसा ना. जागा का माह्या बापाची आहे?" आणि टोपलं सरकवून आमच्या टेबलांना सावली करून दिली.

१० ऑगस्ट, रविवार

आज सुलोचनाबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, दोरीचा चष्मा. अशा ग्राहकासाठीच हा बाजार आहे! प्रत्येक ढिगापाशी थांबून विचारत होत्या, "हे कोणाच्या शेतातलं?" मी छाती पुढे काढून सांगत होते. मग त्या शामकलामावशीच्या चवळीपाशी गेल्या.

मावशी म्हणाली, "बकारामबुवाच्या वाडीची. बुढ्याचा गुडघा धरला, त्याच्यानं तोडनं होत नाही. मी तोडली. अर्धी त्याची, अर्धी माह्यी."

सुलोचनाबाईंनी हसून चवळी घेतली. मला मात्र घाम फुटला. बकारामबुवा आमचे सभासद आहेत, चवळी त्यांचीच, खत नाही, फवारणी नाही, सगळं खरं. पण फलकावर लिहिलंय "मध्ये कोणी नाही." आणि मध्ये शामकलामावशी होती. उघड उघड होती.

घरी येऊन हिमांशुला मेसेज केला. हिमांशु आमच्या संस्थेचा कोऑर्डिनेटर, नागपूरला असतो, ट्रेनिंग त्यानेच दिलं. त्याचा आवाजी मेसेज आला: प्रश्न क्रेडिबिलिटीचा आहे, एक कोचिया आत आला की बाजार संपला. कोचिया म्हणजे इकडून घेऊन तिकडे विकणारा. मावशीला मी कधी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. शिक्षणाचा हा फायदा आहे, नजर येते.

१३ ऑगस्ट, बुधवार

आमच्या छपरीत बैठक झाली. हजर मी, बकारामबुवा, सेवकरामभाऊ. बाकीच्यांचं निंदण चालू आहे. ठराव मी मांडला: जो सातबारा दाखवील तोच बाजारात बसेल. सेवकरामभाऊंना लगेच पटलं. "बरोबर आहे. नाहीतर उद्या कोनीबी येऊन बसंल." बकारामबुवा डुलक्या घेत होते, त्यांची मूक संमती धरली. एकमताने मंजूर.

आईने चहा गाळता गाळता आतून विचारलं, "मंग तू कशी बसशीन वो? सातबाऱ्यावर तुह्यं नाव कुठी आहे?"

सातबारा बाबांच्या नावाचा आहे. मी समजावलं की कुटुंबाचा चालतो. आई म्हणाली, "माह्यं बी नाही त्याच्यावर. पंचवीस वर्षं धानाचा रोवना लावून राहिली त्याच बांधीत." सेवकरामभाऊ हसले. तांत्रिक मुद्दा आहे. नंतर बघू.

मावशीसाठी दुसऱ्या फेजमध्ये वेगळी योजना करायची. नाव सुचलंय: "वनसखी." सुंदर आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

मावशीला सांगितलं.

सकाळी गाडीतच सांगणार होते, पण तिचा प्रवास कशाला खराब करायचा म्हणून थांबले. ती डब्यात आमच्या सगळ्यांच्या टोपल्यांवर लक्ष ठेवून बसली होती. आमगावला एका बाईने बांबूचे कोंब मागितले तर हिने दिले नाहीत, म्हणाली, "कॉलनीतल्या बायका वाट पाहून राहिल्या." टाकीखाली पोचल्यावर, तिने टोपलं उतरवून पोतं अंथरल्यावर, मी नियम सांगितला. नीट, सोप्या शब्दांत. तिच्याबद्दल वैयक्तिक काही नाही हेही सांगितलं. पहिल्या फेजमध्ये फक्त उत्पादक.

ती म्हणाली, "जंगलाचा सातबारा कोनाच्या नावाचा आहे वो?"

मी म्हटलं, सरकारच्या.

"मंग सरकारले बसव." आणि मोठ्याने हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिचं हसू थांबलं. पोतं झटकलं, घडी केली. म्हणाली, "गाडीतच सांगाचं होतं ना पोरी. आमगावातच देऊन टाकली असती मी. हे टोपलं चढवाले तुह्याच हात लागला होता सकारी."

हे बरोबर होतं. पुढच्या वेळी अशी गोष्ट आधी सांगायची. नोंद केली.

टोपलं डोक्यावर द्यायला मी पुढे झाले तर तिने सेवकरामभाऊंना हाक मारली.

२४ ऑगस्ट, रविवार

कॉलनीच्या समितीकडून लेखी परवानगी मिळाली! सचिवांनी स्वतः आणून दिली. हिंदीत आहे, पण शिक्का आहे. टाकीखालची जागा दर रविवारी फक्त आमच्या नोंदणीकृत शेतकऱ्यांसाठी. सचिवांना नियम फार आवडला. म्हणाले, "अच्छा किया बेटा, बिना कागज़ के किसी को नहीं बैठाना चाहिए।" चौकीदारालाही तसं बजावून सांगितलं.

पोळा नुकताच झाला, म्हणून आज तीनच शेतकरी. मावशी रस्त्याच्या पलीकडे नाल्याच्या भिंतीपाशी बसली होती. बायका तिकडे जात होत्या. अकराच्या सुमारास चौकीदाराने तिला उठवलं. मी तेव्हा एका ग्राहकाला शेण-गोमूत्राचं जीवामृत समजावून सांगत होते, मध्येच सोडून जाणं बरं दिसलं नसतं. ग्राहक नंतर म्हणाले की ते फक्त लिंबू घ्यायला आले होते.

सात-आठ जणींनी विचारलं, "वो मशरूमवाली बाई कहाँ गई?" मी सगळ्यांना दुसऱ्या फेजबद्दल सांगितलं.

७ सप्टेंबर, रविवार

पत्रक छापून आलं. "रानभाज्या: ओळख आणि महत्त्व." अठरा भाज्या, चित्रांसकट. हिमांशु म्हणाला, उत्कृष्ट काम. अठराही मला मावशीने दाखवल्या होत्या, मी बारावीत असताना, सरपणाला तिच्यासोबत जायची तेव्हा. कोणती आधी उकळून पाणी टाकायचं, कोणती दह्यात करायची, सगळं. शेवटच्या पानावर आभार मानले आहेत: "स्थानिक ज्ञान." तिचं नाव टाकलं असतं तर तिला अवघडल्यासारखं झालं असतं.

लोक पत्रक वाचून विचारत होते, यातलं काय काय आणलंय? आज काहीच नव्हतं. माहिती पोचवणं हेही काम आहे.

बुधवारीसुद्धा मावशी पॅसेंजरला दिसत नाही असं सेवकरामभाऊ म्हणाले. बरं नसेल.

१४ सप्टेंबर, रविवार

बकारामबुवा बाजार सोडून गेले. मी समजवायला घरी गेले. खाटेवर गुडघ्याला तेल लावत बसले होते. परसात चवळी वेलावरच वाळून खडखडत होती. म्हणाले, "माह्याजवळ सातबारा आहे. तोच तोडंल का चवळी?"

मी म्हटलं, बुवा, मी येते रोज तोडायला. "ये मंग उद्यापासून," म्हणाले. म्हातारी माणसं निराशावादी असतात.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बुवांकडे एकदाच जाणं झालं. रोज पाचला उठायचा संकल्प पुन्हा नव्याने सुरू करायचा आहे, सोमवारपासून.

२८ सप्टेंबर, रविवार

दोन टेबलं. मी आणि सेवकरामभाऊ. त्यांच्या भेंडीवर पांढरट डाग होते. विचारलं तर म्हणाले, धानावर मारलं ते वाऱ्यानं उडून आलं असंल. मी वाऱ्याची दिशा विचारली. ते रागावले. म्हणाले, "तू का वाऱ्याचाबी सातबारा मागशीन?" पुढच्या रविवारी ते येणार नाहीत असं वाटतं. माणसं कमी झाली तरी बाजार शुद्ध होत चालला आहे.

सुलोचनाबाई मात्र एकही रविवार चुकवत नाहीत. आज म्हणाल्या, "मी आता मोठ्या बाजारात जातच नाही. सुनेला सांगितलंय, आपल्या घरात ओमेश्वरीची भाजी." माझं नाव घेतात. ओमेश्वरीची भाजी. येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले, डोळ्यांत पाणी आलं होतं. हा बाजार मी मरू देणार नाही. त्यांच्यासाठी तरी.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीला चाळीस शेतकरी होणार होते. एक आहे. मी. पण सातत्य महत्त्वाचं.

दिवाळीनंतर आठवडाभर झड लागली. कापलेला धान बांधीत भिजला. घरी कोणी कोणाशी बोलत नाही. माझ्या वाडीत वांगी सडली, फुलकोबीची रोपं आडवी झाली. आज टेबलावर एक कोहळा, मूठभर मिरच्या आणि पत्रकं होती. सुलोचनाबाईंनी कोहळा घेतला. पिशवी हलवत म्हणाल्या, "पुढच्या रविवारी फुलकोबी असेल ना गं?"

मी हो म्हटलं. नाही म्हणता आलं असतं. तोंडातून हो निघालं.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी

लिहून ठेवते, कारण स्वतःशी प्रामाणिक राहायचं ठरवलंय.

शनिवारीच गोंदियाला आत्याकडे मुक्कामाला गेले आणि पहाटे मोठ्या मंडीतून फुलकोबी घेतली. फक्त आजच्यापुरती. हे विकणं नाही, बाजार जिवंत ठेवणं आहे. साखळी तुटली तर ग्राहक पुन्हा रासायनिक भाजीकडे जातील. शिवाय मंडीतला माल कोणत्या तरी शेतकऱ्यानेच पिकवलाय. त्याच्याकडे सातबारा असणारच.

अडचण एवढीच की ती कोबी फार सुंदर होती. पांढरीशुभ्र, एक भोक नाही. माझी म्हणून कोणी मानलं नसतं. व्यापाऱ्याला म्हटलं, भैया, थोडी किडकी नाही का? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्याला हाक मारून सांगितलं, "सुन रे, इनको कीड़ेवाली चाहिए। तीस साल में पहली बार सुना।" कोपऱ्यात काढून टाकलेल्या होत्या, त्यातल्या दिल्या.

सगळी संपली. पहिल्यांदाच दहा वाजता टेबल रिकामं. सुलोचनाबाईंनी एक भोक बोटाने दाखवून शेजारणीला सांगितलं, "हे बघ, हीच खूण." शेजारणीने दोन घेतल्या.

मी हसले. मला हसता आलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा एकदाच. वाडीत नवी रोपं लावली आहेत, ती येईपर्यंत.

२३ नोव्हेंबर, रविवार

रोपं लावायची राहिली आहेत. मंडी आणि बाजार यातच आठवडा जातो. हिमांशुला फोटो पाठवला: टेबलाभोवती गर्दी. त्याने लिहिलं, "मॉडेल यशस्वी! इतर तालुक्यांना दाखवू." तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या नोकरीवर बंगळुरूला जातोय. जाता जाता त्याच्या शेवटच्या अहवालात माझा फोटो असेल.

बाबांनी आज पहिल्यांदा विचारलं, "काय काय विकलं?" मी सांगितलं, फुलकोबी. ते वाडीकडे पाहत राहिले. वाडीत गवत आहे. जेवताना आईला म्हणाले, "पोरगी हुशार आहे." कोणत्या अर्थाने ते कळलं नाही. चांगल्याच धरला.

३० नोव्हेंबर, रविवार

आज लिहवत नाही.

१ डिसेंबर, सोमवार. दुपारी

लिहिते.

काल पहाटे मंडीत त्याच व्यापाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, मागे जाऊन बाईकडून घ्या, तीच निवडते. मागे पोत्यांच्या आडोशाला चार-पाच बायका फुलकोबीचा पाला तोडत बसल्या होत्या. अंगावर स्वेटर, डोक्याला टॉवेल. मी म्हटलं, किडकी कोणती वेगळी काढलीत? एकीने मान वर केली. शामकलामावशी.

मला वाटलं होतं ती आजारी आहे. मला खरंच तसं वाटलं होतं का, तेही आता सांगता येत नाही.

ती आधी खूश झाली. "काय वो ओमे, इकडं कुठी?" पाल्याचा ढीग सरकवून बसायला जागा केली. मी विचारलं, इथे कधीपासून? म्हणाली, दसऱ्यापासून. इथेच मागे तिघी मिळून एका खोलीत राहतात. मी म्हटलं, आणि टोला? जंगल? म्हणाली, "जंगल का पळून चाललं? पन आनून विकू कुठी? बुधवारी चौकीदार उठवते, रविवारी तू." रागाने नाही. आज कोणता वार आहे ते सांगावं तशी. यंदा पोळ्यानंतर पावसाळा संपेपर्यंत बांबूच्या कोंबांना ती एकदाही गेली नाही. पहिल्यांदाच, म्हणाली, लग्न होऊन आली तेव्हापासून.

मग तिने माझ्या हातातलं रिकामं टोपलं पाहिलं. "कोबी पायजे? चांगली देतो ना तुले. हे किडकी काऊन घेऊन राहिली? हे तं मी गाईले टाकाले काढून ठेवली."

मी टोपलं तसंच पुढे धरलं.

तिचा हात पाल्यावरच थांबला. माझ्याकडे पाहिलं, कोबीकडे पाहिलं. कळलं तिला. मी वाट पाहत होते, आता ती काहीतरी लागेल असं बोलेल, सातबाऱ्यावरून, फलकावरून. बायकांना सांगून हसेल. मी तयार होते. तिने काहीच केलं नाही. किडक्यांमधल्या जरा बऱ्या निवडून माझ्या टोपल्यात ठेवल्या, एकेक, फुलाला धक्का लागू नये अशा. मग उठली, कमरेला हात लावून, आणि म्हणाली, "चाल, हात लाव. उशीर होईन तुले." टोपलं माझ्या डोक्यावर दिलं. चुंबळ सारखी केली.

"कोनाले सांगत नाही मी," म्हणाली.

ती कोबी मी टाकीखाली नेली आणि विकली. हेही लिहायला हवं. विकली.

३ डिसेंबर, बुधवार

खूप विचार केला. मावशीला बाजारात परत घ्यायचं. नियमात दुरुस्ती. "वनसखी" लगेच सुरू. ती परत आली की मंडीतून माल आणायची गरजच नाही, आणि आधीचं कोणाला सांगायचीही गरज नाही. पत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत तिचं नाव टाकता येईल. सगळं जुळून येतंय.

आईला सांगितलं. आई धान पाखडत होती. म्हणाली, "तिले इचारलं?"

५ डिसेंबर, शुक्रवार

गोंदियाला जाऊन तिला विचारलं. म्हणाली, "नाही ना पोरी. व्यापारी माह्या जागी लगेच दुसरी बाई ठेवंल. अन् तुह्या नियम पुन्हा बदलला तं?" मी म्हटलं, बदलणार नाही. ती म्हणाली, "मागं बी बदलनार नव्हता. तूच तं टेबल मांडलं तवा म्हनली होती, मावशी तुह्यी जागा तुह्यीच राहील."

मी असं म्हटलं होतं? या वहीत कुठे नाही. मागची सगळी पानं चाळून पाहिली. नाही. पण मी म्हटलं असणार. मी तशीच बोलते.

येताना तिने विचारलं, रविवारी किती कोबी काढून ठेवू?

७ डिसेंबर, रविवार. दुपारी, गोंदिया स्टेशनवर

मंडीत गेले नाही. रिकामं टेबल मांडलं. नऊपर्यंत दहा-बारा ग्राहक जमले. मी सांगितलं: चार रविवार विकलेली फुलकोबी माझ्या शेतातली नव्हती, मोठ्या मंडीतली होती, किडकी मी मुद्दाम निवडून घेत होते.

पाठ करून आले होते तेवढं सगळं बोलले. पुढे क्षमा मागायची होती, पण एक बाई म्हणाल्या, "अरे, इसमें क्या है बेटा! हमको तो अच्छी लगी। अगले हफ्ते मटर भी ले आना।" दुसऱ्या म्हणाल्या, मंडी लांब पडते, तू अशी घरपोच दिलीस तर ग्रुपवर यादी पाठवू. ते वांगीवाले काका होते, म्हणाले, "इस बार बिना कीड़ेवाली लाना।" सगळे हसले. माझ्यावर कोणी रागावलं नाही. चार महिन्यांत एकालाही फरक पडला नव्हता.

एकीला पडला. सुलोचनाबाई मागे उभ्या होत्या. पुढे आल्या आणि विचारलं, "चारही रविवार?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं होतं, कोणाच्या शेतातलं. ती टोपलीवाली बाई सरळ बोलली. बकारामची, अर्धी माझी. तिला तू काढलंस." शिक्षिका होत्या; वाटलं आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. पिशवीची घडी केली, घडीची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. घर समोरच आहे त्यांचं. फाटक लावल्याचा आवाज आला.

८ डिसेंबर, सोमवार

कालचंच लिहिते आहे, स्टेशनवर पुढचं लिहवलं नव्हतं.

सुलोचनाबाई गेल्यावर मी सचिवांच्या घरी गेले. म्हटलं, परवानगी आमच्या नावाची आहे ती शामकलाबाईंच्या नावाने करा, जागा त्यांची आहे, वीस वर्षांपासून, चौकीदाराला तसं सांगा. आज ती यायची नाही, पण कधी यावंसं वाटलं तर कोणी उठवू नये. सचिवांनी चष्मा लावला. म्हणाले, "उनका कोई कागज़ है? सातबारा, रजिस्ट्रेशन, कुछ?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "फिर कैसे होगा बेटा? आप ही का नियम है।" मी म्हटलं, नियम चुकीचा होता. ते समजुतीने हसले. नियम आता समितीने ठरावात घेतला आहे, मंगळ-शुक्रच्या फळवाल्यांनाही लावला आहे, फार शिस्त आली कॉलनीत. वाटलं तर अर्ज द्या, मीटिंगमध्ये ठेवू.

अर्ज तिथेच बसून लिहिला. शामकलाबाई, राहणार टोला, तालुका सालेकसा. धंदा लिहिताना हात थांबला. शेतकरी लिहिता येईना, विक्रेती लिहावंसं वाटेना. शेवटी लिहिलं: अठरा रानभाज्या ओळखतात, जंगलातून आणतात, या जागेवर वीस वर्षं बसत होत्या, मी उठवलं. सही केली. सचिवांनी तो टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला, विजेच्या बिलांवर.

मग मी पर्समधून परवानगीचा कागद काढून त्यांच्या टेबलावर ठेवला, शिक्का वर करून, आणि साडेचारच्या पॅसेंजरने परत आले. आमचं टेबल टाकीखालीच राहिलं. बाजार मी कालच बंद केला.